डॉक्टरीणबाईंसाठी फुलांचं तबक

माणसानं सोसावं तरी किती, त्यालाही काही सुमार असतो. शेजारच्या सायबुआ अक्काचा उजवा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पू होऊन गेला, आणि ही बया बंद पडलेल्या हातमागापुढं बसून म्हणते, "गेल्या जन्मीचं देणं असेल गं."

मी प्रानोम, गावची आरोग्य स्वयंसेविका. उपचारात इजा झाली तर सरकारी निधीतून भरपाई मिळते, त्यात कुणाचा दोष शोधत नाहीत, हे मी देवळात, लग्नात, अगदी मयताला गेले तरी कानीकपाळी ओरडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! आमच्या इसानात, थायलंडच्या या ईशान्य भागात, सगळ्यांचं एकच पालुपद: अर्ज केला की डॉक्टर तुरुंगात जाणार आणि पाप आपल्या माथी. अक्काची अर्जाची मुदत तर महिनाअखेर संपत होती. एका डोळ्यानं रेशमाची नक्षी धरता येईना, आणि बँकॉकला गेलेल्या मुलाचंच तिकडं कसंबसं चाललेलं.

शेवटी तयार झाली, पण अट घालून. आधी डॉक्टरीणबाईंची माफी मागायची, थोरामोठ्यांपुढं नेतात तसं फुलं-मेणबत्त्यांचं तबक घेऊन. माझं डोकंच फिरलं. डोळा हिचा गेला आणि माफीही हिनंच मागायची? तरी गेले सोबत, सरकारी दवाखान्यात. नाहीतर ती घरीच बसली असती.

डॉक्टर पिमदाव म्हणजे अक्काच्या नातीच्या वयाची पोर. अक्का तिच्यापुढं गुडघे टेकून बसली. म्हणाली, "बाई, मी भरपाईचा अर्ज करणार आहे. माझा राग नाही, तुम्हीही धरू नका."

पोरीचा चेहरा उतरला. खुर्ची सोडून तीही खाली फरशीवर बसली. या अर्जानं कुणी तुरुंगात जात नाही, पैसे तिच्या खिशातून जात नाहीत, सगळं समजावलं. मग म्हणाली, "हे मीच तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं, मावशी." आणि तबक घ्यायला हात पुढे केले.

अक्कानं तबक मागं ओढलं.

"मला एकटीला सांगून भागायचं नाही. ही प्रानोम वर्षभर घसा फोडतेय, हिचं कोण ऐकतं? बाहेर बाकांवर माझ्यासारखे बसलेत. त्यांना सांगा, मग तबक घ्या."

मला झोंबलं, पण खोटं नव्हतं. पिमदावनं शेजारच्या, दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या दाराकडं एकदा पाहिलं आणि उठली. बाहेर येऊन तिनं सगळ्यांसमोर तेच सांगितलं. जो तो आपल्या पायांकडं बघत बसला.

अक्कानं तबक माझ्या हातात कोंबलं आणि काळा चष्मा काढला. "बघून घ्या. यांच्याच हातून झालेलं ऑपरेशन. मी अर्ज करतेय, आणि बाई इथंच उभ्या आहेत."

मागच्या बाकावरचा एक म्हातारा बायकोला धरून उठला. हिचा हात सुई दिल्यापासून वर जात नाही, आम्हीही करावा का अर्ज, असं त्यानं विचारलं. डॉक्टरला नाही, मला तर नाहीच. अक्काला.

"मग काय," अक्का म्हणाली, "दुसरा हात जायची वाट बघताय?"