उठाबशांची खुर्ची

मित्रांनो, घाबरू नका, छडी केव्हाच मोडली. मी तिच्या शेजारची जुनी सागवानी खुर्ची आहे. हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या एका शाळेत गुरुजी माझ्यावर बसत आणि समोर पोरं कान धरून उठाबशा काढत. उठाबशा म्हणजे शिक्षा, एवढंच मला ठाऊक. अडाणीच होते म्हणा ना!

पुढे माझा एक हात निखळला. शाळेच्या लिलावात सोनाजींनी मला घेतलं, ते त्यांच्या बायकोसाठी. नर्मदाबाईंचा जन्म चुलीच्या धुरात गेला होता आणि फुप्फुसांना कायमचा आजार जडला होता. अंगणात जायचं तरी धाप लागायची. "तू बसूनच ऱ्हा," असं सोनाजी मायेनं म्हणत. त्या बसून राहिल्या. मी मिरवत होते आणि त्यांच्या मांड्या वाळत चालल्या होत्या.

अशात लेक पुनमला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत. पण नर्मदाबाई रडत म्हणाल्या, "मला तांब्या उचलंना. लेकराला न्हाऊ कोण घालील? सासरीच राहू द्या तिला." मला फार वाईट वाटलं.

मग हिंगोलीच्या दवाखान्यातून व्यायाम शिकवणाऱ्या प्रियदर्शनीताई आल्या. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मावशी, हिच्यावरून उठाबशा काढा."

"काहून? म्या काय चोरी केली का?" नर्मदाबाई भडकल्या.

ताई हसल्या. "फुप्फुसं नवी होणार न्हाईत, मावशी. पण बसून बसून पायातली ताकद जाऊन राहिली. कमजोर पायाला दम जास्त लागतो. पाय कमवा, मंग हाय तेवढा दम पुरतो."

ओठांचा चंबू करून श्वास सोडत उठायचं, टेकायचं, थांबायचं. पहिल्या दिवशी त्या एकदाच उठल्या आणि माझी पाठ धरून धापा टाकत राहिल्या. सोनाजींना बघवेना. ते मला माळ्यावर टाकायला निघाले! नर्मदाबाईंनीच माझा पाय धरला. "ठिवा तिला खाली. पुनमला आणायचं हाय."

आणि मित्रांनो, हळूहळू नवल घडलं. फुप्फुसं तीच, औषधं तीच. पण त्या अंगणात गेल्या, मग शेजारी, मग सोयाबीनच्या बांधापर्यंत! मीही एकेकाळी झाड होते. तोडल्यावर मला पुन्हा पालवी फुटली नाही. वाळलेल्या मांड्यांना मात्र फुटते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. आता खुर्चीला डोळे कुठले, ते विचारू नका.

पुनम माहेरी आली, मुलगी झाली. आज सकाळी नर्मदाबाईंनी जमिनीवर बसून पाय लांब केले, नातीला त्यावर पालथं घातलं आणि कोमट पाणी ओतलं. त्याच पायांवर! न्हाऊन झालेलं लेकरू त्यांनी पुनमकडे दिलं. मी सवयीनं तयार होते, आता माझा आधार घेतील म्हणून. सोनाजी धावले, "हात देऊ का?"

"हात नगं, पंचा द्या," असं म्हणून त्यांनी ओठांचा चंबू केला आणि काही न धरता उभ्या राहिल्या.

मित्रांनो, घरात कुणाला धाप लागत असेल तर मायेनं नुसतं "बसा" म्हणू नका. डॉक्टरांना विचारा, शेजारी उभे राहा आणि हळूच म्हणा, "उठा". माझी काळजी करू नका. माझ्यावर आता बाळाची दुपटी वाळतात. बसायला सवड कुणाला आहे!