वाळवंटात वाकळ कशाला

हुलसुरात विमलबाईच्या तोंडाला कुणी लागत नसे. शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तरांशी भांडून सुटलेली. पण तिच्या घरावरून जाताना तालुका कचेरीतले कारकूनसुद्धा फटफटीचा वेग वाढवायचे. नवरा रामराव होता तोवर हसून म्हणायचा, "हिच्या जिभेला धार लावायला सहाण लागत न्हाई, मी हाव की." तो गेला. धार तशीच राहिली.

तिला दोन लेकं. थोरला राजपाल सौदीला, वाळवंटात कुठंतरी पाइप टाकायचं काम चालू होतं, तिथं सामानाची राखण करायला. धाकटा धम्मानंद बिदरला इंजिनिअर होऊन बंगळूरला गेला आणि तिथनं बायकोला घेऊन थेट फिनलंडला. दोघं एकाच चुलीवर वाढलेले, पण एकाला परमुलखानं भाजायला घेतलं आणि एकाला गोठवायला, असं विमलबाई म्हणायची.

भाजणाऱ्याची तिला काळजी नव्हती. ऊन काय, आपलंच. वैशाखात कलबुर्गीच्या बसस्टँडवर जो उभारलाय त्याला सौदीचं काय कौतुक? काळजी गोठणाऱ्याची. धम्मानंदनं पहिल्या वर्षी फोटो पाठवला होता: खिडकीपर्यंत चढलेला बर्फ, आणि त्यात फक्त डोळे दिसतील असा गुंडाळलेला तिचा लेक. तो फोटो बघून तिला दोन दिवस भाकर गोड लागली नाही. पण काळजीच्या आत आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कधी कुणाला बोलून दाखवली नाही. थंडीत राहतो तो साहेब आणि उन्हात राहतो तो गडी, असं तिच्या मनानं कधीच ठरवून टाकलं होतं. कुणी लेकांची चौकशी केली की धाकट्याच्या गावाचं अवघड नाव ती पाठ केल्यासारखं म्हणायची. थोरल्याचं विचारलं तर, "तो बी हाय तिकडं, अरबात."

धाकट्यासाठी तिनं सगळा पावसाळा बसून वाकळ शिवली. स्वतःच्या लग्नातलं इरकल लुगडं वर घातलं, आत रामरावाची धोतरं आणि जुन्या लुगड्यांचे थर. टाके इतके जवळ की मुंगी शिरायची नाही. भावकीतल्या लग्नाला धम्मानंद आला तेव्हा तिनं ती वाकळ त्याच्या ब्यागेत स्वतः कोंबून बसवली.

मग हिवाळा लागला. एका सकाळी अंगणात शहाबादी फरशीवर ऊन खात बायका तूर निवडत बसल्या होत्या. शेजारची कमलबाई होती. तिचा राम राजपालच्याच कॅम्पात कामाला, तेव्हा सुट्टीवर आलेला. राजपालची बायको दीपमाला घरातून बाहेर आली आणि सासूजवळ टेकली.

"आत्या, राम सोमवारी जायलाय. ब्यागंत जागा हाय म्हणलाय. त्यांनी एक वाकळ मागितलीय. जाडशी."

"कुणी मागितली?"

"त्यांनीच. रातच्याला पायजे म्हणलेत."

बोलायच्या आधी विमलबाईनं बायकांकडं एकदा बघून घेतलं. ही तिची सवय. ऐकायला माणसं आहेत का हे बघितल्याशिवाय ती चांगलं वाक्य वाया घालवत नसे.

"वाळवंटात वाकळ?" ती म्हणाली. "अगं, तिथं उंटाला घाम फुटतोय! त्याला वाकळ नको, वाकळंतली बायकू पायजे. कमल, तुझ्या रामला म्हणावं, हिलाच घडी घालून न्हे ब्यागंत. तिथं न्हेऊन उलगड म्हणावं."

कमलबाईच्या हातातलं सूप पडलं. बायका पोटं धरून हसल्या. एकीला ठसका लागला, तिच्या पाठीत दुसरी बुक्क्या मारायला लागली. दीपमालाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि ती उठून आत गेली.

"लाजली बघा," विमलबाई म्हणाली. त्या दिवशी ती स्वतःवर भलतीच खूश होती. इतकं नेमकं तोंडातून बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

राम गेला. त्याच्याबरोबर शेंगाची चटणी आणि धपाटे गेले. वाकळ गेली नाही.

राजपालला जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची सुट्टी असायची. त्या दिवशी त्याचा फोन आधी आईला, मग बायकोला. "जयभीम आई!" असा मोठ्यानं ओरडायचा की फोन कानापासून लांब धरावा लागायचा. त्या हिवाळ्यात ते ओरडणं बारीक झालं. "बरा हाव. जेवलो. ठेवतो." मग एका जुम्म्याला फोन फक्त दीपमालाला आला. पुढच्याही.

"काय सांगितलीस त्याला?" विमलबाईनं सुनेला दारात गाठलं. "काय भरलीस त्याच्या कानात?"

"मी काय भरणार आत्या?"

"मग कामून बोलंना तो मला?"

दीपमाला चुलीकडं वळली. "कामावरनं थकतेत," एवढंच म्हणाली.

विमलबाईनं दोन दिवस भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी धम्मानंदचा व्हिडिओ कॉल आला. ती फोन नाकाशी धरून बघते तर लेक बाह्या नसलेल्या बनियनवर बसलेला, आणि त्याच्यामागं काचेबाहेर सगळं पांढरंफेक.

"अरं, उघडा कामून बसलास? वाकळ कुठं हाय?"

"दाखवते आई, दाखवते!" त्याची बायको स्नेहल मधे आली आणि तिनं फोन फिरवला. बैठकीच्या भिंतीवर, वरून बारीक दिवा सोडून, विमलबाईचं लग्नातलं इरकल ताणून टांगलं होतं. "घरी येईल तो विचारतो आई, कुठनं आणलं म्हणून. मी सांगते, सासूबाईंनी हातानं शिवलंय."

"पांघरत न्हाई?"

धम्मानंद हसला. "आई, घरात घाम येतो. भिंतीतनं, फरशीतनं सगळीकडनं गरम केलेलं असतं. इथं थंडी बाहेर असते. दार लावलं की संपली. इथं लोकांचे हाल होतात ते अंधारानं. दुपारीच दिवस मावळतो, आठ-आठ दिवस शेजाऱ्याचं तोंड दिसत नाही. थंडीचं म्हणशील तर ती खरी दादाकडं."

"दादाकडं? वाळवंटात?"

"मग! वाळू दिवसा तापती आणि रात्री तितकीच गार पडती. वर ढग नाही, भोवती झाड नाही, सगळी ऊब निघून जाती. परवा म्हणाला, पहाटं बाटलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. आणि त्याला रात्रपाळी, उघड्यावर. तुला बोलला नाही का?"

विमलबाईनं फोन फरशीवर पालथा ठेवला. आतून धम्मानंद "आई? आई?" करत राहिला.

मागितली होती. जाडशी. रातच्याला पायजे म्हणून.

ती तशीच उठून कमलबाईकडं गेली. तिच्या मनात सरळ हिशोब होता: गावातनं, नाहीतर बसवकल्याणातनं, सौदीला आता कोण जाणार आहे ते विचारायचं आणि त्याच्याबरोबर घरातली जाड वाकळ धाडायची. चूक झाली, दुरुस्त करायची, कुणाला फार बोलायचं नाही.

कमलबाईनं तिला बघितलं आणि हसूच आवरेना. "या अक्का, बसा. तुमची आठवण रोज निघतीया! तुमचं ते घडीचं बोलणं, लई गाजलं की हो. मी त्याच दिवशी रामला सांगितले, तिकडं गेल्यावर रामनं समद्या कॅम्पाला. आता तिथं राजपालला कुणी राजपाल म्हणंना. घडीच म्हणतेत. थांबा, दाखवते."

तिनं मोबाइल पुढं धरला. पत्र्याच्या खोल्या, मधे अर्ध्या पिपात पेटवलेली लाकडं, भोवती पोरं. आपल्याच भागातली, हुलसूरची, औरादची, उदगीरची. कुणीतरी ओरडलं, "ए घडी! उलगडली का रं?" आणि सगळे हसले. शेकोटीपासून लांब, कडेला राजपाल बसला होता. हात काखेत दाबलेले, अंगात पातळ जाकीट. एका दाढीवाल्या म्हाताऱ्यानं आपली कांबळ काढून त्याच्यापुढं केली. तेवढ्यात दुसरा ओरडला, "आली, आली! घडी आली!" राजपालनं कांबळ हातानं मागं सारली. म्हाताऱ्याला भाषा कळत नसावी; तो पुन्हा देत होता आणि राजपाल पुन्हा सारत होता.

"बघा की," कमलबाई डोळे पुसत म्हणाली, "किती लांबवर पोचलं तुमचं बोलणं!"

ती दुष्टपणानं बोलत नव्हती. तिला वाटत होतं, अक्काला बरं वाटेल. आणि विमलबाईला कळत होतं, की असं वाटणं चूक नव्हतं. कालपर्यंत हेच दुसऱ्या कुणाच्या लेकाचं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

सौदीला कोण जाणार आहे ते न विचारताच ती परत आली.

दीपमाला भाकरी थापत होती. विमलबाई चुलीपुढं बसली. नेहमी ती बसली की सुनेला सरकावं लागायचं. आज तीच भिंतीला टेकून बसली.

"तुला ठावं होतं?"

दीपमालानं विचारलं नाही, काय म्हणून. "व्हय."

"मला कामून सांगितली न्हाईस?"

"ते म्हणले, आईला कळू दिऊ नको. तिला वाईट वाटंल." भाकर तव्यावर पडली. "मी म्हणले, इकत घ्या एखांदी. घेतलीय त्यांनी. पण पांघरली की पोरं चिडवतेत. म्हणून गादीखाली घालून ठेवलीय, आणि कामावर तसंच जातेत."

तव्यावरची भाकर फुगली. दोघीही तिच्याकडं बघत राहिल्या. विमलबाईला वाटलं, सुनेनं आता एक तरी शब्द टाकावा. त्या दिवशी बायकांसमोर तुम्ही मला काय बोललात, असं म्हणावं. दीपमालानं भाकर काढून टोपल्यात ठेवली आणि दुसरा उंडा घेतला.

जुम्म्याला दिवेलागणीनंतर विमलबाईनं सुनेला फोन लावायला सांगितला. फोन लागला, मागं पोरांचा गलका ऐकू येत होता.

"राजपाल, मी बोलायलाव. तिथं कोण कोण हाय? राम हाय का? समद्यायला बोलीव, आवाज मोठा कर."

"कशाला आई?"

"कर म्हणते न्हवं."

तिकडं थोडी कुजबुज झाली. विमलबाई ताठ बसली. तिनं हे वाक्य दोन दिवस घोकलं होतं. "ऐका रं पोरांनो. वाकळीचं मी जे बोलले ते वंगाळ बोलले. माझं तोंडच फाटकं. माझ्या लेकराला थंडी वाजत हुती, म्हणून त्यानं मागितली. त्याला कुणी काय म्हणायचं न्हाई."

मग रामचा आवाज आला, हसू दाबलेला. "मग काकू, आता तरी घडी पाठवता का?"

तिकडं हशा उसळला. कुणीतरी शिट्टी मारली. विमलबाईच्या जिभेवर उत्तर आयतं आलं. रामच्या लग्नाचं, त्याच्या सासरचं, असं काही, की तो पोरगा वर्षभर त्या कॅम्पात तोंड वर करून फिरला नसता. तिनं श्वास घेतला.

"आई," राजपाल म्हणाला. "पुरं कर आता. तू बोललीस की उद्या हितं त्याचंच चालतंय."

ते उत्तर तिनं गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा गिळत होती.

राजपाल चालत असावा. गलका मागं पडला आणि फोनमध्ये वारा घोंगावायला लागला. तो फोन बंद करेल म्हणून ती वाट बघत राहिली. बोलायला शब्द नव्हते असं नाही. पुष्कळ होते. पण जे सुचत होतं ते सगळं कुणाला तरी ऐकवण्यासारखं होतं, आणि लेकाला एकट्याला सांगावं असं तिच्याजवळ काही निघेना.

"वारा लई हाय," बऱ्याच वेळानं राजपाल म्हणाला.

"व्हय."

"थंडी बी हाय आई."

"व्हय बाबा," ती म्हणाली, आणि गप्प बसली.

मग तो सांगायला लागला. वाळू कशी दिवस मावळताच पायाखाली गार लागते. पत्र्याला आतून दहिवर सुटतं आणि झोपलेल्याच्या तोंडावर ठिबकतं. पहाऱ्यावर बूट काढले तर पुन्हा पायात जात नाहीत. दिवसा त्याच जागी पाइपला हात लावला तर कातडं निघतं. आजवर यातलं काहीच त्यानं तिला सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं. विमलबाई फोन दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून ऐकत होती. समोर दारात दीपमाला उभी होती. वर बघून तिच्या नजरेला नजर द्यायचं विमलबाईला अजून जमत नव्हतं.