गोगलगायीचा शिक्का

फेर्लेनं भिंग चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर धरलं, तसा लिओन्टीनबाईंनी कॉफीचा कप तिच्या कोपरापासून दूर सरकवला. बेल्जियममधल्या गेंट शहराच्या संग्रहालयातून आलेली पोर हुशार होती, पण कोपर भारी वांड.

कागदावर लाल-काळ्या खडूनं काढलेला चारशे वर्षांपूर्वीचा म्हातारा नेहमीसारखा नाक मुरडून बसला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून हा नाकाड्या आपल्या हातच्या रश्श्याला नावं ठेवतोय, असं बाई म्हणत. नवरा, आखील, गेल्या हिवाळ्यात गेला. आता नाकाड्याही संग्रहालयात निघाला होता.

"ज्याच्या मालकीचं चित्र, त्याचा शिक्का," फेर्ले म्हणाली. "हा सरदाराचा, हा धर्मगुरूंचा, हा तुमच्या यजमानांचा. पण ही गोगलगाय कोणाची? कुठल्याच पुस्तकात नाही ती."

"लीव्हेनची. आमच्या मुलाची."

"अरे वा! मग त्यांचीही सही लागेल. कुठे असतात ते?"

बाईंनी बोटानं टेबलावरचे बिस्किटाचे कण एका जागी गोळा केले.

"डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेली तरी येईना. आखील म्हणायचा, लेकाचा गोगलगाय आहे नुसता! वाट बघता बघता त्यानं हा शिक्का कोरला. म्हणाला, आल्या आल्या नाकाड्या त्याच्या नावावर." त्या थांबल्या. "आला गं. पण रडला नाही."

फेर्लेनं भिंग खाली ठेवलं.

"नगरपालिकेतला कारकून म्हणाला, ज्यानं श्वासच घेतला नाही, त्याचं नाव लिहीत नाहीत. आखील घरी आला आणि अंगातला कोटही न काढता हा शिक्का मारला. त्याच्या नावाचा कुठे थडग्याचा दगडसुद्धा नाही, पोरी. चित्र तुम्हाला फुकट देतेय. तेवढं नाव लिही."



फेर्लेनं मालकांच्या नावांचा कागद पुढे ओढला. आखीलच्या खाली तिनं सावकाश लिहिलं, लीव्हेन.

"आडनावासकट?"

"आडनावासकट."

तेही लिहून झालं. मग सवयीनंच तिच्या तोंडून गेलं,

"आणि त्याच्याकडून पुढे कोणाकडे? विकत, की वारशानं?"

विचारलं आणि तिनं जीभ चावली. बाई मात्र त्या नावाकडेच बघत होत्या.

"वारशानं," त्या म्हणाल्या. "त्याच्या आईबापांकडे."