मोरणीची कंबर

घनश्यामची पिकअप तांड्यावर आली तेव्हा जमनीने त्याला बसायला बाजसुद्धा टाकली नाही. पाणी तर दूरच राहिलं. गाडीतून उतरवली ती मोरणी, जमनीच्याच अंगणात जन्मलेली घोडी. नवऱ्याने, लालसिंगने, बायकोला न विचारता ती या माणसाला विकली होती. आणि हा माणूस पाठीवर नवरदेव बसवून तिला वरातीत मागच्या दोन पायांवर नाचवत होता. कंबर धरणार नाही तर काय होणार!

"संध्याकाळी नेर गावाले लग्न हाय," घनश्याम म्हणाला. "दाबून दे लवकर. तुयासारखा हात दुसऱ्या कोनाचा नाही म्हनते लोकं."

"नाचवनं बंद कर, मंग आन."

"घोडी माही हाय, जमनीबाई. तू कमरीचं पाह्य."

त्याच्या तोंडावर थुंकावं असं जमनीला वाटलं. पण मोरणीने तिच्या खांद्यावर मान टाकली होती. मुकाट्याने ती तेलाच्या रिकाम्या डब्यावर चढली, कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे रोवले आणि मानेकडून मागे दाबत निघाली. आखडलेली एकेक जागा सुटत गेली. मोरणीने डोकं खाली सोडलं, ओठ सैल पडले. शेवटची गाठ कमरेवर होती, सगळ्यांत वाईट. तिथे जमनीचे अंगठे थांबले. ही सुटली की वरात. नाही सुटली तर घोडी दोन पायांवर उभीच राहणार नाही. तिने हात काढून घेतले.

"ही कंबर नाही बसत. चालन, चरन. नाचनं सरलं तिचं. सोडून जाय इथंच."

घनश्याम हसला. खिशातून मोबाइल काढून त्याने वरातीचं गाणं मोठ्याने लावलं.

मोरणीचे कान मागे गेले. त्याने काठी उचललीही नव्हती, तरी ती थरथरत मागच्या पायांवर उभी राहिली. कळ कमरेतून गेली तशी कण्हली, पण गाणं चालू होतं तोवर पुढचे पाय टेकले नाहीत.

"पाह्यलं? मले नको शिकवू," म्हणत त्याने घोडीला गाडीकडे ओढलं.

जमनी स्वतःवरच संतापली. हिला वाचवायचं म्हणून दुखणं आत राहू दिलं, आणि हे भित्रं जनावर ते दुखणं घेऊनच नाचणार.

"थांब. एक गाठ राह्यली. आन इकडं."

"आता कशी काय बसते?"

जमनी पुन्हा डब्यावर चढली आणि सगळा भार अंगठ्यांवर टाकला. गाठ सुटली. मोरणीने लांब श्वास सोडला आणि पुन्हा तिच्या खांद्यावर मान टाकली.

ती मान दोन्ही हातांनी ढकलून जमनीने दोर घनश्यामच्या हातात दिला.