सिप्रियानचा पंप

साहेब, सिप्रियान केन्ता दारू पिऊन ट्रक चालवत होता, असं तुम्ही आमच्या चौकात कर्णा लावून सांगितलंत. त्याच्यासोबत नऊ माणसं दरीत गेली. ते पाप त्याच्या माथी मारून तुम्ही जीपमधून निघून गेलात. पुरावा काय, तर केबिनमध्ये दारूचा वास येत होता. अहो, या घाटात असा कुठला ड्रायव्हर आहे, ज्याच्या केबिनला तो वास नाही? उतार लागण्याआधी आम्ही चाकांवर आणि जमिनीवर दारू शिंपतो. जमीन आई आहे. तिला पाजल्याशिवाय तिच्या अंगावरून खाली उतरायचं नसतं. बाटली तिची असते, आमची नव्हे. तुम्हीही याच डोंगरात जन्मलात. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं मला सांगू नका.

तो जिथून गेला, त्या वळणाला तुमच्या रस्ते खात्यानं भिंत बांधली आणि तुम्ही फीत कापली होतीत. भिंतीत दगड नावाला, बाकी सगळी माती. भिंत खचली, मग रस्त्याची कड खचली, आणि कडेबरोबर सिप्रियान गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

त्याच्यामागे आमच्या काल्यापाता गावाला माझा एकच ट्रक उरला, त्याच्याच ट्रकच्या घाण्यातला, तितकाच म्हातारा. ऐन संत्र्यांच्या दिवसांत त्याचा, इंजिनात डिझेल सोडणारा पंप बसला. झाडाखाली संत्र्यांचा सडा पडला, गावभर आंबूस वास सुटला. रोमुआल्दो मिस्त्रीनं पंप खोलला, आतला घासलेला दांडा बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाला, "ह्याचा जीव गेलाय. आता पूजा घालून उपेग न्हाई."

आम्ही वर एल आल्तो शहराच्या बाजारात गेलो. तिथं मेलेल्या गाड्यांचे अवयव जमिनीवर ढिगानं मांडलेले असतात. आमच्या पंपाचं नाव काढलं की दुकानदार हसत. कंपनीनं तो बनवणं कधीच सोडलं होतं. एका बाईनं नवाकोरा दिसणारा काढून दिला. रोमुआल्दोनं नखानं रंग खरवडला, आत गंज. तरी नाइलाजानं आणला, बसवला. पहिल्याच चढाला त्यानं मान टाकली.

मग जे दोघांच्याही मनात होतं ते रोमुआल्दो बोलला. तसला पंप खोऱ्यात आणखी एकच होता. दरीत.

सिप्रियानची बायको फोर्तुनाता अंगणात चघळायची कोकाची पानं वाळत घालत होती. तिच्या पोरांना शाळेत 'दारुड्याची' म्हणत, म्हणून तिनं त्यांना घरीच ठेवलं होतं. आम्ही कसंबसं विचारलं. ती पानं पसरतच राहिली.

"न्या. त्यो असता तर त्यानंच खोलून दिला असता," ती म्हणाली. "पर त्याला इचारून घ्या."

दोर लावून आम्ही खाली उतरलो. धुकं इतकं दाट, की वर कुणी दोर धरलाय का नाही तेही दिसेना. ट्रक कुशीवर पडला होता. रेडिएटरमधून नेचे उगवले होते. कपाळावर सिप्रियाननं हौसेनं रंगवून घेतलेली अक्षरं मात्र शाबूत होती, 'येतो माघारी'. मी ती वाचली आणि पुन्हा तिकडं बघितलं नाही.

केबिनमध्ये हात घालून रोमुआल्दोनं मला गिअरचा दांडा दाखवला. पहिल्यात होता. "बघ. जीव मुठीत धरून, मुंगीच्या पावलानं उतरत हुता. पेलेला माणूस पयला टाकतुया व्हय?"

आम्ही जमिनीला दारू दिली, पानं ठेवली, सिप्रियानला विचारलं. पंप वरच्या अंगाला होता म्हणून वाचला होता. गंजलेल्या नटांवर डिझेल ओतून आम्ही बसून राहिलो. मग रोमुआल्दो पाना फिरवत फिरवत सिप्रियानशी बोलायला लागला, दोघं एकाच ट्रकखाली काम करताना बोलत तसंच. पंपाच्या कडेवर छिन्नीची खूण होती, कंपनीच्या खुणेपासून केसभर पुढं. हवा विरळ, चढ मोठा, म्हणून सिप्रियान पंप जरा पुढं फिरवून बसवायचा, म्हणजे डिझेल जरा आधी सुटतं. त्यामुळं त्याचं इंजिन दातावर दात आपटल्यासारखं वाजायचं. रोमुआल्दो त्यावरून त्याला शिव्या घालायचा. आता त्यानं त्या खुणेवरून नुसता अंगठा फिरवला.

चूक झाली ती वर येताना. आमच्याकडं माणूस वाईट जागी दचकला, तर त्याचा जीव तिथंच अडकून राहतो. म्हणून निघताना प्रत्येकाला नावानं हाक मारून सोबत घ्यायचं असतं. रोमुआल्दो म्हणाला, "एव्हारिस्तो, चल, हितं थांबू नगंस." तो मी. मग स्वतःचं नाव घेतलं. आणि पंप पाठीला बांधता बांधता, हाताबरोबर तोंडही चाललं, "सिप्रियान, चल, हितं थांबू नगंस."

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मेलेल्याला अशी हाक मारत नाहीत. खाली दगड निसटल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनीही मागं बघितलं नाही.

पंप बसवला. नळ्यांना नवे तांब्याचे वायसर घातले, हातपंप मारून आतली हवा काढली. रोमुआल्दोनं कंपनीची खूण सोडून छिन्नीची खूण जुळवली. चावी फिरवली आणि इंजिन वाजलं. माझं नव्हे, त्याचं. दातावर दात. चौकातल्या बाया वळून बघायला लागल्या. सिप्रियानचा कुत्रा कुठून तरी धावत आला आणि माझ्या केबिनच्या दाराशी शेपूट हलवत उभा राहिला. त्यामागून फोर्तुनाता, ओल्या हातांची.

"आला," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी तिनं शेंगदाण्याचं सूप केलं आणि एक ताट जास्त वाढलं.

पहिल्या खेपेला वर संत्री, संत्र्यांवर माणसं. त्याच वळणाच्या अलीकडं इंजिन आपोआप बंद पडलं. मला वाटलं, डिझेलबरोबर हवा ओढतंय. दुसऱ्या खेपेला तिथंच. रोमुआल्दोनं नळ्या बदलल्या, फिल्टर बदलला, टाकी धुतली. एकदा स्वतः शेजारी बसला. तिथं आल्यावर इंजिन बंद, धुक्यात नुसतं पाणी ठिबकतंय. तो बराच वेळ ऐकत बसला. मग खाली उतरून माणसांना म्हणाला, "उतरा. चालत जा पलीकडं." माणसं कडेला न जाता डोंगराला खेटून गेली. शेवटचा माणूस पलीकडं पोचला. मी चावी फिरवली. एका झटक्यात चालू.

तेव्हापासून असंच चाललंय. गावात काही जण म्हणाले, पंप काढून दरीत टाका. फोर्तुनातानं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्याला माघारी धाडू नगा. त्याची साक्ष अजून कुणी घेतली न्हाई."

मग एकदा तुमची जीप आमच्यामागं अडकली. माणसं का उतरतात, असं तुम्ही विचारलंत. एक म्हातारी म्हणाली, सिप्रियान उतरवतो. तुम्ही हसलात. पण चालत गेलात, साहेब. मी आरशात बघत होतो. डोंगराला खेटून, आमच्यासारखेच.

पुढच्या खेपेला तिथं पाटी होती, 'प्रवाशांनी येथे उतरून पायी जावे'. खाली तुमच्या खात्याचा शिक्का. भिंत नाही, दगड नाही, पाटी.

फोर्तुनाताला वाचता येत नाही. तिनं माझ्याकडून ती वाचून घेतली, पुन्हा एकदा वाचायला लावली. मग रंगावर बोट ठेवून उभी राहिली. मागं ट्रकचं इंजिन गप्प होतं.

"इचार त्यांना," ती म्हणाली.

म्हणून विचारतो. वळण धड असेल, तर ही पाटी कशाला? आणि वळण धड नसेल, तर त्या दिवशी प्यायलेला कोण होता? कर्णा आणा, चौकात उभे राहा, तिच्या पोरांसमोर उत्तर द्या. वळणाच्या वाटेनं या. तुम्हाला कुठं उतरायचं ते सिप्रियान सांगेल.