कोण कोणाला खातं

बालवाडीत अन्नसाखळी शिकवायची म्हणजे डोक्याला ताप. प्रत्येकाच्या गळ्यात एक चित्र अडकवलं होतं. ज्याला खायचं त्याचा हात धरायचा, असा खेळ. नाकतोड्याने गवताचा हात धरला, बेडकाने नाकतोड्याचा. साप झालेल्या कार्ट्याने मात्र बेडकाला खरंच चावून ठेवलं. त्याला दटावलं, बेडकाचे डोळे पुसले आणि विचारलं, "आता सांगा, माणूस काय काय खातो?"

"भात! अंडं! बिस्किट!" पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला.

सगळ्यांत शेवटी मुंगी बोलली. एवढीशी आणि सदा लगबगीत, म्हणून आम्ही तिला मुंगीच म्हणतो.

"मी आईला खाल्लं," ती म्हणाली. "जन्मले तेव्हाच."

पोरं खिदळली. तिची आई बाळंतपणात गेली, हे मला ठाऊक होतं. मी तिला बाजूला घेतलं.

"असं कोण म्हणालं गं?"

"बाबा. आत्याला फोनवर सांगत होता. पोरगी जन्माला आली ती आईला खाऊनच." मग हळूच म्हणाली, "म्हणून तो आला की मी तोंड मिटून घेते. त्यालाही खाल्लं तर?"

बाप न्यायला आला की ही रोज तोंडावर हात ठेवायची. आणि मी मूर्ख, लाजते म्हणून तिला चिडवायचे!

"अगं वेडाबाई, ती नुसती बोलायची पद्धत असते. तू कोणालाच खाल्लं नाहीस."

"बाबा खोटं नाही बोलत," तिने मलाच ठणकावलं. म्हणजे हे त्यानेच निस्तरायला हवं होतं.

तो फाटकाशी दिसताच मी सुरू झाले. "अहो, जिभेला काही हाड आहे की नाही?" आणि सगळं सांगितलं. तो वेल्डिंगच्या कामावरून तसाच आला होता. ऐकताना त्याचा चेहरा पार उतरला.

"तिची फार आठवण येत होती हो बाई. बोलून गेलो. मला वाटलं, पोर झोपलीय."

तो मुंगीसमोर खाली बसला. तिने लगेच तोंड झाकलं. तिचा हात हळूच बाजूला करत तो म्हणाला, "बाबा चुकला गं. तू आईला नाही खाल्लंस. कोणीच नाही खाल्लं."

"नक्की?"

"तुझी शपथ."

मुंगी अशी काही खुलली! बापाच्या गळ्यात पडून तिने त्याचे पटापट पापे घेतले आणि विचारलं, "मग आई घरी कधी येणार?"