रविवार देवाचा, बाकीचे प्रुइटचे

टर्नबो गावात दारूचं दुकान एकच, आणि ते क्लोव्हिस प्रुइटचं. सोमवार ते शनिवार दर्शनी काचेवर लाल दिवे लुकलुकत आणि गल्ल्यावर त्याची बायको ओझेला उभी असे. शनिवारी रात्री कुलूप लागायचं ते सोमवारी सकाळी निघायचं. रविवारी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या त्या कोपऱ्यात दारू विकायची नाही, बियरची बाटलीसुद्धा नाही. कायदा ओझेलाच्या आजीच्या लग्नाआधीचा, आणि त्याबद्दल गावात कोणाची तक्रार नव्हती. तक्रार का नव्हती, तर प्रुइटांच्या घरामागे एक पत्र्याची शेड होती.

क्लोव्हिस रविवारी गवत कापायची मशीनं दुरुस्त करतो, अशी गावात समजूत होती. चर्च सुटलं, जेवणं उरकली, की मागच्या वाटेनं एकेक गाडी यायची. हौद्यात मशीन. क्लोव्हिस मशीन उतरवून घ्यायचा, शेडमध्ये न्यायचा, आत थोडी खुडबुड करायचा आणि तेच मशीन परत हौद्यात चढवायचा. फरक इतकाच, की जाताना मशीनशेजारी एक खाकी पिशवी असायची. भाव दुप्पट. शाळेचे मुख्याध्यापक यायचे, जज्जसाहेब यायचे, बाप्टिस्ट चर्चमध्ये दानाची ताटली फिरवणारे डीकन यायचे. जानेवारीत गवत करपून करडं झालेलं असायचं, तरी टर्नबोतली निम्मी मशीनं नादुरुस्तच.

ओझेलाला दारूचं काही वाटत नसे. तिचा बाप रानात मक्याची दारू गाळायचा, पकडला गेला तेव्हा ताठ मानेनं तुरुंगात जाऊन आला. तिला चीड होती ती या मागल्या दारच्या गिऱ्हाइकांची.

"हाच जज्ज सोमवारी मला रस्त्यात भेटला तर पलीकडच्या फुटपाथवर जातो," ती म्हणायची. "आणि रविवारी माझ्या टोमॅटोच्या वाफ्यावर गाडी घालतो."

"गिऱ्हाईक आहे ते."

"गिऱ्हाईक दुकानात येतं. हा उंदीर आहे."

क्लोव्हिस हसायचा. त्याला बायकोचं बोलणं चटणीसारखं लागायचं, पोट मात्र चटणीनं भरत नसतं असं त्याचं मत होतं.

त्या वर्षी हायवेवरच्या मोठ्या किराणा दुकानवाल्यांनी टूम काढली, की रविवारी बियर आणि वाइन विकायला परवानगी द्या, कौंटीत, म्हणजे सगळ्या जिल्ह्यात, मतदान घ्या. दुकानाच्या दारात टेबल मांडून त्यांनी सह्या गोळा केल्या आणि त्या पुरल्याही. झालं, क्लोव्हिसच्या तोंडचं पाणी पळालं. रविवारी हायवेवर बियर मिळाली तर शेडकडे कोण फिरकणार? आणि दुकान रविवारी उघडायचं म्हटलं तर नोकर ठेवा, दिवे जाळा, आणि एवढं करून भाव मात्र सरळ.

त्यानं तीन दिवस डोकं खाजवलं आणि ओझेलाला न विचारता ब्रदर गॅडीला जेवायला बोलावलं.

थर्मन गॅडी हा बाप्टिस्ट चर्चचा पाद्री. उंच, हडकुळा, आवाज मात्र पिंपातून आल्यासारखा. गेली कित्येक वर्षं तो व्यासपीठावरून सांगत आला होता, की सैतानाचं दुकान मुख्य रस्त्यावर आहे आणि त्यावर लाल दिवे आहेत. नाव घेत नसे. दिवे एकाच दुकानावर होते. तो आता ओझेलाच्या टेबलाशी बसून तिची तळलेली कोंबडी खात होता.

"मिस ओझेला, असा मक्याचा कॉर्नब्रेड माझ्या आईनंतर मी खाल्ला नव्हता."

"आणखी घ्या, ब्रदर गॅडी. सैतानाच्या घरचं आहे, पण लोणी ताजं आहे."

क्लोव्हिसनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. गॅडी मात्र मनापासून हसला. तो मूर्ख नव्हता. ओझेलाला नंतर वाटायचं, त्या टेबलावर मूर्ख एकच होता, आणि तो यजमान होता.

"ब्रदर गॅडी," क्लोव्हिस म्हणाला, "मी पापी माणूस आहे. पण सहा दिवस पाप केलं तरी सातवा देवाचा, एवढं मला कळतं. हे हायवेवाले तोही खायला निघालेत. पाट्या छापायला, रेडिओवर बोलायला जे लागेल ते मी देतो. माझं नाव नको."

"नाव नको कसं?" गॅडीनं हात पुसले. "नावच हवं. साधुसंत रविवारच्या बाजूनं बोलले तर लोक जांभया देतात. दारूवाला बोलला तर उठून बसतील."

अशा रीतीनं हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी.

महिन्याभरात गावभर अंगणाअंगणांत निळ्या पाट्या उगवल्या: 'रविवार देवाचा.' एक पाटी प्रुइटच्या दुकानाच्या काचेतही लागली, एका बाजूला बर्बन व्हिस्कीची जाहिरात, दुसऱ्या बाजूला रमची. ओझेलानं ती दोनदा काढली, क्लोव्हिसनं तिसऱ्यांदा चौकटीला स्क्रूनं पक्की केली.

मग त्यानं चर्चमध्ये साक्ष दिली. नवा करडा सूट घालून तो पुढं उभा राहिला. "माझ्यासारख्याला कोणी विचारलं, की क्लोव्हिस, तुझ्या हातानं काही चांगलं झालंय का? तर मी सांगेन, रविवारी मी कुलूप लावलं!" आणि त्याला रडू फुटलं. खरंखुरं रडू. त्याला स्वतःचंच बोलणं एवढं आवडलं होतं. समोर बसलेली सगळी मशीनवाली मंडळी 'आमेन' म्हणून ओरडली. जज्जसाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा. शेड बंद पडू नये म्हणून इतक्या भक्तिभावानं प्रार्थना टर्नबोत त्यापूर्वी झाली नसेल.

मतदान झालं, हायवेवाले सपशेल आपटले. रविवार देवाचाच राहिला, दुपारनंतरचा क्लोव्हिसचा.

यावर तो गप्प बसला असता तर गोष्ट इथं संपली असती. पण क्लोव्हिसच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आयुष्यात कोणी त्याला 'ब्रदर प्रुइट' म्हटलं नव्हतं, आता बायका रस्त्यात थांबून म्हणायला लागल्या. त्यानं बाप्तिस्मा घेतला, गॅडीनं त्याला चर्चमधल्या पाण्याच्या टाकीत पाठीवर बुडवलं आणि तो फुरफुरत वर आला. पहिल्या बाकावर त्याची जागा ठरली. जेवणाआधीची प्रार्थना इतकी लांबायची, की रस्सा गार होऊन वर चरबीची साय धरायची. एका रविवारी ओझेला चादरी वाळत घालत होती, तर हा दारात येऊन म्हणाला,

"आज नको घालूस. रविवारी काम केलेलं लोक बघतात."

"कोणते लोक?"

"चर्चचे."

"ते आता जेवून येतीलच तुझ्याकडे मशीनं घेऊन. त्यांना चादरीखालून वाकून जायला सांगेन. वाकायची सवय आहे त्यांना."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हा गावाचा धर्म. बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट ही नुसती पंथांची नावं, असं ती म्हणायची.

एकदा गॅडी स्वतः एक मशीन घेऊन आला. शनिवारी, भर सकाळी, पुढच्या फाटकातून. गावातलं खरोखर बिघडलेलं असं हे एकमेव मशीन होतं. "सगळे म्हणतात, तुमच्या हातात जादू आहे, ब्रदर प्रुइट." क्लोव्हिस मशीनभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, की सुटा भाग मागवावा लागेल. मग त्यानं ते गुपचूप शेजारच्या गावी नेऊन दुरुस्त करून आणलं. गॅडीला शेडबद्दल ठाऊक होतं की नव्हतं, हे ओझेलाला कधीच कळलं नाही. मशीन परत नेताना त्यानं शेडकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, एवढं तिनं पाहिलं.

पानगळीत एका रविवारी गॅडीनं प्रवचनाच्या शेवटी चष्मा काढला. म्हणाला, "आपण एक दिवस वाचवला. मी रात्रभर देवाला विचारलं, एकच का? उरलेले सहा कोणाचे?"

पहिल्या बाकावर क्लोव्हिस ताठ झाला.

"कायद्यानं ही कौंटी पूर्ण कोरडी करता येते. दुकान नाही, परवाना नाही. मतदान मागायला सह्या हव्यात. पहिली सही कोणाची असावी, हे मला सांगावं लागू नये. ज्यानं आपल्याला रविवार दिला त्याचीच." आणि त्यानं पेन पुढं केलं. "या, ब्रदर प्रुइट."

दोन-तीनशे माणसं बघत होती. कोणीतरी पियानोवर हलकेच भजन सुरू केलं. ओझेला त्या दिवशी मुद्दाम आली होती, मागच्या बाकावर बसली होती. तिला नवऱ्याची फक्त मान दिसत होती, आणि ती मान कॉलरच्या वर बिटासारखी लाल होत गेली. हा उठून निघून जाईल, असं तिला एक क्षण वाटलं. गेला असता तर तिनं त्याला सगळं माफ केलं असतं, चादरीसकट. पण तो व्यासपीठाकडे गेला. पेन घेतलं. सही केली. टाळ्या झाल्या आणि ओझेला हसायला लागली. आधी रुमालात, मग रुमालाबाहेर. शेजारच्या बाईला वाटलं, हिला आनंदाश्रू आले. तिनं ओझेलाचा हात दाबला.

घरी येताच क्लोव्हिसनं टाय ओढून काढला. मग स्वयंपाकघरात सूटचा कोट खुर्चीवर फेकून म्हणाला, "सहीनं काय होतं? सही म्हणजे मत नव्हे. मत पडद्याआड असतं. मी विरोधात देणार. आणि जज्ज, मुख्याध्यापक, डीकन, हे सगळे काय कोरडे राहणार आहेत?"

"ते सगळे बंदीच्या बाजूनं मत देतील."

"का म्हणून? त्यांना दारू नको?"

"त्यांना दारू आहे, क्लोव्हिस. तुझी शेड आहे. दुकान गेलं तरी शेड राहील असं त्यांना वाटतं. नाव देवाचं आणि घोट तुझा. दोन्ही पदरात. दुकान बंद झाल्याचं दुःख कोणाला होईल? जो पुढच्या दारानं येतो त्याला. लाकूड गिरणीवरचा मजूर, म्हातारा ट्रकवाला. त्यांना कोण विचारतंय?"

"तुला फार कळतं!"

"मला इतकंच कळतं, की तू साप पाळलास आणि त्याला दूधही स्वतःच्या गल्ल्यातून पाजलंस."

झालंही तसंच. मतदानाच्या आदल्या रविवारी मुख्याध्यापक आले, पिशवी घेतली आणि क्लोव्हिसच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "घाबरू नका हो. दुकान गेलं तर काय, मशीनं बिघडायची थांबणार आहेत का?" आणि डोळा मारला. मंगळवारी कौंटी कोरडी झाली.

लाल दिवे उतरवले. परवाना गेला, तसा कौंटीच्या पोलिसप्रमुखाचा, शेरीफचा, सूरही बदलला. गावात परवाना असेपर्यंत मागल्या दाराकडे काणाडोळा करता येत होता. आता तो मोठा गुन्हा होता, आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत शेरीफला गॅडीच्या मंडळींची मतं हवी होती. त्यानं सभ्यपणे येऊन शेड बंद करायला सांगितलं. क्लोव्हिसनं उरलेला माल घाऊकवाल्याला पडत्या भावात परत दिला. मशीनवाल्यांपैकी त्यानंतर एकही फिरकला नाही. जज्जसाहेबांनी चर्चमध्ये त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, "फार मोठा त्याग केलात, ब्रदर प्रुइट," आणि पुढं गेले.

त्याला डीकन मात्र केलं.

रेड फोर्क नदीवरच्या पुलापलीकडे दुसरी कौंटी लागते. पुलाच्या उतारावर नेव्हा साइक्स नावाच्या विधवेचं मासेमारीसाठी गळ-गांडुळं विकायचं दुकान होतं. निकाल लागला त्याच आठवड्यात तिनं दारूच्या परवान्याचा अर्ज केला आणि परवाना मिळाल्यावर ओझेलाला फोन केला.

"मला बर्बन आणि ब्रँडीतला फरक कळत नाही ग. तू येतेस का? निम्मी भागी."

"कधीपासून?"

"नवऱ्याला विचार आधी."

"त्यानं पाद्र्याला जेवायला बोलावताना मला विचारलं नव्हतं," ओझेला म्हणाली.

ती दुसऱ्या दिवशी गेली. क्लोव्हिसनं आकांडतांडव केलं. डीकनची बायको दारूच्या गल्ल्यावर! लोक काय म्हणतील! ती म्हणाली, "ज्यांना काही म्हणायचंय ते पुलावरून येऊन म्हणतील. रस्ता चांगला आहे." आणि खरंच, रस्ता चांगला होता. शनिवारी दुपारी टर्नबोच्या गाड्यांची पुलावर रांग लागायची. रविवारसाठी शनिवारीच भरून ठेवायला लोक शिकले. जज्जसाहेब येत नसत. त्यांनी एक माणूस ठेवला होता.

वसंतात गॅडीनं ठरवलं, की देवाचं काम नदीशी अडू नये. पलीकडच्या कौंटीतही पाट्या लावायच्या. समितीचा प्रमुख ब्रदर प्रुइट. तो त्याच करड्या सूटात पाट्यांची गाडी घेऊन पूल ओलांडून आला आणि नेव्हाच्या दुकानासमोर खड्डा खणायला लागला. ओझेला काचेतून बघत राहिली. जमीन खडकाळ होती. त्याला धाप लागली होती. नेव्हा म्हणाली, "पाणी देऊ का त्याला?" ओझेला म्हणाली, "दे. पाणी सगळ्या कौंट्यांत चालतं."

त्या कौंटीत सह्या पुरल्या नाहीत. तिथल्या लोकांना टर्नबोचं शहाणपण टर्नबोतच राहिलेलं बरं वाटत होतं. टर्नबोवाल्यांच्या दारूवरच्या करातूनच त्यांच्या शाळेचं नवं छप्पर झालं होतं.

थोड्या दिवसांनी रात्री जेवताना क्लोव्हिस खाकरला. प्रार्थना त्या दिवशी अगदी छोटी झाली होती.

"मला खोकला झालाय," तो म्हणाला. "येताना एखादी लहान बाटली आणतेस का? ब्रँडीची. औषध म्हणून."

ओझेलानं त्याच्या ताटात पावट्यासारख्या रोजच्या बटरबीन्सचा एक डाव वाढला.

"दुकान सहापर्यंत उघडं असतं," ती म्हणाली. "रांग असते, पण पुढं सरकते."

तो खोकत राहिला, उन्हाळा लागेपर्यंत. दुकानात मात्र आला नाही.